पहिला पर्याय

एका तालुक्याच्या गावात एक शिंपी होता. बाजारपेठेच्या टोकाला त्याचे लहानसे दुकान होते. दोन मशिनी, एक कापायचे टेबल आणि भिंतीवरच्या खिळ्यांना अडकवलेले खाकी कागदाचे नमुने, एवढाच त्याचा पसारा. तो कापायचा आणि शिवायचा. बायको काजं-बटणं आणि हातशिलाई करायची. जून उजाडला की गणवेशांची गर्दी व्हायची. मग रात्री अकरापर्यंत दुकानातला दिवा विझत नसे.

त्याची एक सवय गावाला ठाऊक होती. आईबाप मुलाला घेऊन यायचे आणि सांगायचे, "मास्तर, वाढत्या अंगाचं शिवा. दोन वर्षं तरी गेली पाहिजेत." तो मान हलवायचा आणि शिलाईत आत कापड जास्त सोडायचा. पण माप घेताना बोलायचा ते मुलाशीच. "हात वर कर. आता खाली बस. मुंढ्यात काचतंय का? खरं सांग." मूल सांगेल तिथे तो खडूने खूण करायचा. त्याच्याकडून नेलेले कपडे दुरुस्तीला क्वचितच परत यायचे.

त्याला एकच मुलगी होती. नदीपलीकडच्या ज्युनिअर कॉलेजात ती सायन्सला होती. दुकानातले टेबल मोकळे झाले की त्यावर ती अभ्यास करायची. अभ्यासाचा कंटाळा आला की उरलेल्या खाकी कागदांवर पेन्सिलने काहीतरी काढत बसायची. बाप ते कागद पुन्हा नमुन्यांसाठी वापरायचा. पाठीमागे काय काढले आहे हे त्याने कधी पाहिले नव्हते.

मुलीला इंजिनिअर व्हायचे होते, एवढे मात्र दोघांना माहीत होते. म्हणून ती अकरावीत असल्यापासूनच बाप कागदपत्रांच्या मागे लागला. जात वैधता प्रमाणपत्रासाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा लागणार होता. त्याचे आजोबा मूळ गावच्या शाळेत तीन इयत्ता शिकले होते. तो एसटीने त्या गावी गेला. हेडमास्तरांनी कपाटातून जुने रजिस्टर काढले, धूळ झटकली आणि पिवळ्या पडलेल्या पानावर बोट फिरवत ओळ शोधली. आजोबांचे नाव, जन्मतारीख आणि पुढे जातीची नोंद. बापाने त्या ओळीला हात लावून नमस्कार केला. मग उतारा घेतला, प्रकरण दाखल केले, समितीच्या कार्यालयात खेटे घातले. उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रीमीलेअर, अधिवास, सगळे त्याने सेतू केंद्राच्या रांगेत उभे राहून मिळवले आणि एका प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये क्रमाने लावून ठेवले. अशा धावपळीचे घरोघरी फारसे कौतुक होत नाही. पण एक कागद वेळेवर आला नाही म्हणून हाताशी आलेली जागा गेल्याची उदाहरणे प्रत्येक गावात सापडतात.

बारावी झाली. सीईटीत मुलीला ९२ पर्सेंटाइल मिळाले. बापाने पेढे वाटले आणि त्याच संध्याकाळी पुण्याच्या भाच्याला फोन लावला. भाचा तिथल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत होता. तो म्हणाला, "मामा, डोळे झाकून कॉम्प्युटर घ्या. नाही मिळालं तर आयटी. तेही नाही तर एआयवालं काहीतरी. मी यादी पाठवतो." यादी आली. बापाने ती मापांच्या वहीच्या शेवटच्या पानावर आपल्या अक्षरात उतरवून घेतली. पहिल्या ओळीत पुण्याच्या एका खासगी कॉलेजचे नाव आणि पुढे कॉम्प्युटर.

मुलीने ती यादी वाचली. म्हणाली, "बाबा, मला सिव्हिल घ्यायचंय."

बाप हसला. मग ती हसत नाही असे पाहून गप्प झाला. "साइटवर उन्हात उभं राहायचं ते? गवंड्यांत, मुकादमांत? आणि नोकऱ्या आहेत का त्यात?" मुलगी काही बोलली नाही. पुढचे दोन दिवस घरात जेवणापुरतेच बोलणे झाले.

तिसऱ्या दिवशी बापलेक कागदपत्रे तपासून घ्यायला सुविधा केंद्रावर गेले. तिथल्या बाईंनी फोल्डर पाहिला आणि म्हणाल्या, "इतकी नीट लावलेली फाइल आज पहिलीच." मग त्यांनी पर्यायांचा अर्ज कसा भरायचा ते समजावले. संगणक यादी वरून खाली वाचत येतो आणि गुणवत्तेत बसेल ती पहिली जागा देतो. वरचे मिळाले नाही म्हणून खालचे हातून जात नाही. म्हणून "हे काही मिळायचं नाही" असे म्हणून आवडीचे नाव खाली ढकलू नये. "मात्र एक लक्षात ठेवा," बाई म्हणाल्या, "पहिल्या फेरीत पहिलाच पर्याय मिळाला तर ती जागा आपोआप पक्की होते. पुढच्या फेऱ्या तुमच्यासाठी संपल्या. तेव्हा पहिल्या ओळीत काय लिहायचं ते नीट ठरवा." बापाने हे मुलीच्या बाजूने ऐकले की आपल्या, ते त्याच्या चेहऱ्यावरून कळले नाही. परतीच्या एसटीत दोघे खिडकीबाहेर बघत बसले.

त्या संध्याकाळी दुकानात एक गृहस्थ मुलाला घेऊन आले. मुलगा आठवीतला, पहिल्यांदाच फुलपँट शिवून घ्यायला आलेला. शिंप्याने टेप लावली आणि विचारले, "कंबर कुठं बांधतोस? इथं की खाली?" मुलाच्या आधी वडीलच बोलले, "वर घ्या, वर." शिंप्याने विचारले, "मोहरी किती ठेवू?" वडील म्हणाले, "मोठी ठेवा." मुलगा खाली मान घालून उभा होता. शिंप्याने टेप गळ्यात टाकली. शांतपणे म्हणाला, "साहेब, तुम्ही जरा बाहेर बसता का? पैसे तुमचे आहेत, मान्य. पण घालून चालायचंय त्याला."

गृहस्थ वरमले आणि बाहेरच्या बाकावर जाऊन बसले. मुलाने हळूहळू सगळे सांगितले. शिंप्याने लिहून घेतले.

कोपऱ्यात बायको शर्टाला बटणं लावत होती. तिने दोरा दाताने तोडला, पण तेव्हा काही बोलली नाही. रात्री दुकानाचे शटर खाली ओढताना मात्र म्हणाली, "त्या माणसाला बरोबर बोललात. आता आपल्या पोरीचं माप कोण घेणार तेवढं सांगा."

शिंप्याने कुलूप लावले. घरी जाईपर्यंत तो काही बोलला नाही.

जेवणे झाल्यावर त्याने मुलीला हाक मारली आणि समोर बसवले. "सांग," तो म्हणाला. "सिव्हिलच का? मी मध्ये बोलणार नाही."

मुलगी आधी चाचरली. मग उठून दुकानातून आणलेल्या खाकी कागदांची गुंडाळी घेऊन आली आणि जमिनीवर पसरली. एका बाजूला कॉलरचे, बाहीचे, खिशाचे नमुने होते. दुसऱ्या बाजूला पूल होता. नदीवरच्या जुन्या फरशी पुलाशेजारी नवा पूल बांधला जात होता आणि दोन वर्षे कॉलेजला जाता-येता ती एसटीच्या खिडकीतून तो पाहत होती. पाया खणताना पाणी उपसायला लावलेले पंप, सळ्यांचे पिंजरे, शटरिंग, एकेक खांब, मग त्यांवर ठेवलेल्या तुळया. प्रत्येक चित्राखाली तारीख होती. "हा तिसरा खांब सगळ्यांत मागे राहिला," ती सांगू लागली. "तिथं खडक खोल लागला. मी तिथल्या सुपरवायझर काकांना विचारलं होतं. पाऊस आला की फरशी पुलावरून पाणी जायचं आणि आम्ही अलीकडे अडकायचो, आठवतं ना? त्यांनी मला सांगितलं, पूर किती येतो ते आधी मोजायचं, मग पुलाची उंची ठरवायची. ते मोजायचं कसं, मला शिकायचंय."

बापाने एक कागद उचलून दिव्याकडे धरला. खांबांची रेघ सरळ होती. हात लावून पाहिले तर पेन्सिलीचा दाब सगळीकडे सारखा होता. कापणाऱ्या माणसाला असा हात ओळखू येतो.

मग तो बोलला, आणि आता त्यानेही काही लपवले नाही. "मला भीती वाटते," तो म्हणाला. "तू बाहेर साइटवर असशील आणि मला इथं झोप लागणार नाही. ही माझी भीती आहे, तुझ्या यादीत ती नको. पण पैशाचं तुला सांगायला हवं." त्याने वही उघडली. जुलै २०२४ च्या शासन निर्णयामुळे आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसी घरातल्या मुलीला शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ होते, आणि तिला ते मिळणार होते. पण खोली, मेस, पुस्तके, खासगी कॉलेजची डेव्हलपमेंट फी त्यात येत नव्हती. दुकान वर्षाला किती देते, गणवेशांचा हंगाम गेल्यावर महिने कसे जातात, आजीच्या औषधांना किती लागतात, हे सगळे त्याने मुलीपुढे पहिल्यांदाच मांडले. "एवढे देता येतील. याच्या वर कर्ज."

मुलगी बराच वेळ आकड्यांकडे पाहत राहिली. मग तिने पेन घेऊन स्वतःच्या यादीतली तीन खासगी कॉलेजे खोडली. तिला कोणी सांगितले नव्हते. यादीच्या अगदी खाली तिने जिल्ह्याच्या कॉलेजातले कॉम्प्युटर लिहिले. "काहीच नाही मिळालं तर हे चालेल मला," ती म्हणाली. पहिल्या ओळीत तिने पुण्याच्या सीओईपीचे सिव्हिल लिहिले, १८५४ साली सुरू झालेले, विश्वेश्वरय्या जिथे शिकले ते कॉलेज.

"९२ ला ते मिळेल का गं?" बापाने विचारले.

"नाही मिळणार," ती म्हणाली. "पण मला सगळ्यांत जास्त तेच हवंय. खालचं त्यानं जात नाही, बाई म्हणाल्या ना?"

अर्जात नंबर बापाचा दिला होता, त्यामुळे ओटीपी त्याच्या फोनवर आला. त्याने चष्मा लावला आणि एकेक आकडा मोठ्याने वाचला. मुलीने तो टाकला आणि अर्ज पक्का झाला.

पहिल्या फेरीत तिला पाचवा पर्याय लागला, शेजारच्या जिल्ह्यातले खासगी कॉलेज. भाच्याचा फोन आला, "मामा, घेऊन टाका, रिस्क नको." बापाने फोन मुलीकडे दिला. तिने एक हजार रुपये भरून ती जागा हातात ठेवली आणि पुढच्या फेरीसाठी थांबली. त्या दिवसांत बापाला झोप नव्हती, पण रोज सकाळी त्याने तिला एवढेच विचारले की चहा घेतलास का. दुसऱ्या फेरीत दुसरा पर्याय लागला, एक सरकारी कॉलेज, सिव्हिल. सीओईपी अर्थातच मिळाले नाही. बाप तिच्याबरोबर हॉस्टेलवर गेला, गादी उतरवली, खिडकीची कडी नीट लागते का पाहिली आणि संध्याकाळच्या गाडीने परत आला.

पहिल्या सत्राचा निकाल लागला तेव्हा मुलीचा गणिताचा पेपर राहिला होता. तिने रडत फोन केला. भाच्याला कळल्यावर तो म्हणाला, "मी सांगत होतो." बाप तसे काही म्हणाला नाही. त्याने विचारले, "घरी येतेस का चार दिवस?" मुलगी थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "नको बाबा. मीच निवडलंय, मीच काढते." पुढच्या परीक्षेत तिने तो पेपर काढला.

सध्या ती तिसऱ्या सत्रात आहे. शिंपी अजून मापे घेतो. आईबाप अजूनही मुलाच्या आधी बोलतात आणि तो त्यांना बाहेरच्या बाकावर बसवतो.

या बापाने मुलीसाठी खूप काही केले. आजोबांची नोंद शोधली, रांगा लावल्या, घरातला खरा आकडा सांगितला, आपली भीती तिच्या यादीत येऊ दिली नाही. हे सगळे त्याचेच काम होते आणि त्यातले काहीही मुलीला एकटीला जमले नसते. निवड मात्र तिची होती. म्हणूनच पेपर राहिला त्या दिवशी तिला दोष द्यायला घरात कोणी शोधावे लागले नाही, आणि उठून पुन्हा बसण्याचे बळही तिचे तिलाच सापडले. आईबापांनी ठरवून दिलेल्या वाटेवर ठेच लागली की मूल आधी मागे वळून पाहते, आणि त्यात वर्षे जातात.

यंदा तुमच्या घरी पर्यायांची यादी तयार होत असेल, तर अर्ज पक्का करण्याआधी एक करा. ती यादी मुलाला मोठ्याने वाचायला सांगा, पहिल्या ओळीशी त्याला थांबवा आणि विचारा, "हे तू लिहिलंस ना?" उत्तर यायला वेळ लागला, तर ओटीपी सांगू नका. मुदतीच्या आत, अर्ज पक्का होईपर्यंत यादी बदलता येते.