थंडी कोणास मानवते?

हिंवाळा हा प्रकृति सुधारण्याचा ऋतु होय, हें मत आपल्या समाजांत इतकें रूढ आहे कीं त्याला कोणी पुरावा मागत नाहीं. दिवाळी सरली आणि हवेंत गारवा आला कीं तालमी भरूं लागतात, फिरावयास जाणारांची संख्या वाढते, घरोघर डिंकाचे लाडू वळले जातात, आणि वर्षभर औषधावर काढलेला मनुष्यहि 'आतां चार महिने बरे जातील' असें म्हणूं लागतो. या मतांत तथ्य किती, हा प्रश्न वैद्यकाचा आहे. पण त्याच्या पोटांत दुसरा एक प्रश्न दडलेला आहे व तो नीतीचा आहे. थंडी चांगली असें आपण म्हणतों, ती कोणासाठीं चांगली? पहिल्या प्रश्नाचा विचार केल्यावांचून दुसऱ्याचें उत्तर सांपडणार नाहीं, म्हणून प्रथम त्याकडे वळूं.

आपल्या प्राचीन वैद्यांनीं या विषयाचा बारकाईनें विचार केला आहे. त्यांच्या मतें हेमंत व शिशिर या दोन ऋतूंत मनुष्याचें बळ सर्वांत अधिक असतें. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांतील सहाव्या अध्यायांत याची उपपत्ति दिली आहे ती अशी : बाहेरील गार वाऱ्याच्या स्पर्शानें शरीरांतील ऊष्मा आंतल्या आंत कोंडला जातो, जठराग्नि प्रबळ होतो, आणि एरव्हीं न पचणारें जड अन्नहि तो सहज पचवितो. येथवरचा भाग सर्वांच्या तोंडीं असतो. परंतु चरकाचार्य येथें थांबत नाहींत. या प्रदीप्त अग्नीला पुरेसें इंधन मिळालें नाहीं तर तो शरीरांतील रसच जाळूं लागतो, असें ते लगेच बजावतात. आणि मग त्या इंधनाची व रक्षणाची यादी येते : स्निग्ध अन्न, मांसरस, दूध, गूळसाखरेचे पदार्थ, तेलाचा अभ्यंग, ऊन पाणी, उबदार खोली, आणि लोंकरीचीं, रेशमाचीं व कातड्याचीं जाड पांघरुणें. रात्री मोठ्या असल्यामुळें या दिवसांत सकाळींच भूक लागते, हेंहि वाग्भटानें नमूद केलें आहे. आपल्याकडील धुंधुरमासाचें मर्म हेंच असावें. सूर्य उगवतो न उगवतो तोंच मुगाची खिचडी, बाजरीची भाकरी आणि लोण्याचा गोळा पानांत वाढणाऱ्या गृहिणीनें वाग्भट वाचला नव्हता. पण अग्नीला इंधन हवें, हें तिला पक्कें ठाऊक होतें.

आधुनिक शरीरशास्त्र वेगळ्या भाषेंत बोलतें, पण बोलतें तें फारसें वेगळें नाहीं. मनुष्याच्या शरीरांत साध्या मेदाखेरीज तपकिरी रंगाचा एक मेद असतो. सांठवण करणें हें त्याचें मुख्य काम नव्हे. तो जळतो आणि उष्णता निर्माण करतो. तान्ह्या मुलांत तो असतो हें पूर्वींच माहीत होतें; प्रौढांतहि तो असतो व थंडीनें जागा होतो, हें २००९ सालीं अमेरिका, नेदरलंड्स व फिनलंड येथील संशोधकांनीं दाखवून दिलें. पुढें २०१५ सालीं नेदरलंड्समधील मास्ट्रिख्ट येथील एक प्रयोग प्रसिद्ध झाला. मधुमेहाच्या आठ रोग्यांना दहा दिवस, दररोज कांहीं तास, १४ ते १५ अंश उष्णतामानांत ठेविलें, तेव्हां इन्शुलिनला त्यांचें शरीर देत असलेला प्रतिसाद सुमारें ४३ टक्क्यांनीं सुधारलेला आढळला. आठ माणसांवरून साऱ्या जगाविषयीं सिद्धांत मांडणें धाडसाचें होईल. तरी पुण्यास पौषांतील पहाट याहूनहि गार असते हें ध्यानांत घेतलें, म्हणजे आपल्या अंगणांत फुकट मिळणारी ही हवा अगदींच निर्गुण नाहीं, एवढें म्हणावयास हरकत नसावी.

याची दुसरी बाजूहि त्याच वर्षीं पुढें आली. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकांत तेरा देशांतील सुमारें ७ कोटी ४० लाख मृत्यूंचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांपैकीं सात टक्क्यांहून थोडे अधिक मृत्यु थंडीकडे जातात असें त्यांत अनुमान निघालें. उष्म्याचा वाटा अर्ध्या टक्क्याहूनहि कमी भरला. शिवाय हे बळी बहुतेक कडाक्याच्या लाटेचे नव्हते, साधारण थंडीचे होते. भारत त्या तेरा देशांत नव्हता, हें खरें. पण शरीराचा धर्म देशपरत्वें बदलत नाहीं. गारव्यानें रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, रक्तदाब वाढतो आणि हृदयावर ताण पडतो. तरुण हृदय तो पेलतें, थकलेलें पेलत नाहीं.

हीं दोन मतें परस्परविरुद्ध वाटतात, परंतु तशीं तीं नाहींत. थंडी स्वतः कांहींच देत नाहीं, ती मागते. ज्याच्यापाशीं द्यावयास आहे, त्याचा अग्नि तिच्या मागणीनें प्रज्वलित होतो; ज्याच्यापाशीं नाहीं, त्याला तोच अग्नि खातो. म्हणजे हिंवाळ्याचें आरोग्य हा केवळ हवेचा गुण नसून हवा आणि मनुष्याची स्थिति या दोहोंच्या संयोगाचा गुण आहे. आपण त्यांतील अर्धाच भाग पाहतों आणि श्रेय सगळें हवेला देतों.

येथून नीतीचा प्रश्न सुरू होतो. शीतोष्ण सोसावें, हा उपदेश गीतेच्या दुसऱ्या अध्यायांत आहे, आणि पश्चिमेकडील स्टोइक तत्त्वज्ञांनाहि तो मान्य होता. रोमन तत्त्वज्ञ सेनेका वर्षाच्या पहिल्या दिवशीं थंडगार कालव्यांत उडी घेत असे. वय झाल्यावर तो नदीवर आला आणि शेवटीं उन्हानें तापलेल्या पाण्यावर, असें त्यानेंच आपल्या पत्रांत लिहून ठेविलें आहे. वयाप्रमाणें माप बदलण्याचा हा शहाणपणा वाखाणण्याजोगा आहे. परंतु सेनेका रोममधील मोठ्या धनिकांपैकीं होता. उडी घेतल्यावर कोरड्या वस्त्राची त्याला ददात नव्हती. तितिक्षा हा गुण खरा, पण तो गुण ठरतो तो सोसणाराच्या हातीं न सोसण्याची मुभा असते म्हणून. ती मुभा काढून घेतली कीं जें उरतें, त्याला तितिक्षा हें नांव देणें म्हणजे दुसऱ्याच्या दैन्यावर आपला अलंकार चढविणें होय.

यावर कोणी म्हणेल, 'गरिबाला संवय असते. त्याला आपल्यासारखी थंडी वाजत नाहीं.' संवयीनें शरीर कांहीं अंशीं बनतें हें आम्ही नाकारीत नाहीं. पण संवय ही इंधनाची जागा घेऊं शकत नाहीं. बीड जिल्ह्यांतून व मराठवाड्याच्या इतर भागांतून ऊसतोडीसाठीं दरवर्षीं लाखों माणसें घर सोडतात. ऐन हिंवाळा तीं उघड्या माळावरील कोपींत काढतात आणि भल्या पहाटे, दंवानें भिजलेल्या उसाच्या फडांत कोयता घेऊन उतरतात. तीच पहाट, तोच गारवा. त्याच वेळीं आपण कानटोपी घालून टेकडीवर 'काय सुंदर हवा पडली आहे' असें म्हणत असतों. आणि ज्या साखरेचा हलवा आपण संक्रांतीला वांटतों, ती त्यांच्याच हातच्या उसाची असते. २०१० च्या जानेवारींत दिल्लीच्या बेघरांसाठीं निवारे उघडण्याचे आदेश सर्वोच्च न्यायालयाला द्यावे लागले. संवयीनें भागलें असतें, तर न्यायालयाला यांत पडण्याचें कारण नव्हतें.

मग सुखवस्तु माणसानें हिंवाळ्याचा आनंद घेऊं नये काय? आमचें म्हणणें तसें नाहीं. उलट खिडक्या बंद करून, कढत पाण्यानें न्हाऊन, उन्हें वर येईपर्यंत पांघरुणांत राहणारानें थोडा गारवा अंगावर घेतला, तर त्याचें भलेंच होईल. दुसऱ्याला ऊब नाहीं म्हणून आपण आपलें आरोग्य टाकून देण्यानें कोणाचीहि थंडी कमी होत नाहीं. आमचें सांगणें एवढेंच कीं, थंडी ही स्वतः घ्यावयाची वस्तु आहे, दुसऱ्यास सांगावयाची नव्हे. आपल्यासाठीं गारवा आणि दुसऱ्यासाठीं ऊब, हा नियम पाळला तर या ऋतूचें वैद्यक आणि नीति यांत विरोध उरणार नाहीं.

हा नियम फार दूर जाऊन पाळावा लागत नाहीं. घरांतील म्हाताऱ्या माणसांना काळोखांत फिरावयास चलण्याचा आग्रह न धरतां ऊन वर येऊं द्यावें. दाराशीं रात्रभर पहारा करणाऱ्या माणसाला एक जाडसें घोंगडें द्यावें. आणि ज्या घरांत स्नानासाठीं सकाळीं पाणी तापतें, त्या घरांत भांडीं घासणाऱ्या बाईंचे हात त्याच वेळीं नळाच्या बर्फासारख्या पाण्यांत असतात. त्यांनाहि त्यांतलें बादलीभर ऊन पाणी मिळावें. हिंवाळा आरोग्याचा ऋतु आहे असें आपण म्हणतों, तें त्या घरापुरतें तरी मग खरें ठरेल.