श्रद्धावंताचें पाप

पाप म्हणजे काय, असें एखाद्या धर्मशील गृहस्थास विचारलें, तर तो जें उदाहरण देईल तें बहुधा दुसऱ्या कोणाच्या तरी पापाचें असेल. चोरी, मद्यपान, व्यभिचार, देवनिंदा हीं पापें होत, हें त्यास पक्कें ठाऊक असतें. आणि यांपैकीं बहुतेकांशीं आपला आतां संबंध उरला नाहीं, याबद्दल त्याच्या मनांत एक शांत समाधानही असतें. एकदां श्रद्धा बसली, प्रार्थनेची गोडी लागली, उपासनामंदिरांतील आपली जागा ठरून गेली, म्हणजे पाप हा गतायुष्यांतील एक प्रसंग होऊन बसतो. आपण पूर्वीं पापी होतों ही कबुली ख्रिस्ती समाजांत पुष्कळदां ऐकूं येते. आपण आज पापी आहों ही कबुली क्वचितच ऐकूं येते, आणि आलीच तर ती प्रार्थनेच्या पुस्तकांतून, सर्वांच्या सुरांत सूर मिसळून.

तेव्हां प्रश्न असा कीं, श्रद्धा ठेवल्यानंतर मनुष्याच्या पापाचें होतें तरी काय? तें नाहींसें होतें, कीं केवळ दिसेनासें होतें? खरा श्रद्धावंत कोणास म्हणावें, हें बऱ्याच अंशीं या एका प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून आहे, असें आम्हांस वाटतें. नुसत्या तत्त्वांच्या आधारें असल्या प्रश्नाचा निकाल लावूं गेलें तर शब्दांचा खेळ होतो. म्हणून आम्ही एका मनुष्याचें चरित्र पुढें ठेवतों.

जॉन न्यूटन हा इंग्रज खलाशी १७२५ सालीं जन्मला. आपल्या ओंगळ भाषेबद्दल आणि देवाच्या टवाळीबद्दल तो खलाशांतही कुप्रसिद्ध होता. १७४८ च्या मार्च महिन्यांत अटलांटिक महासागरावर त्याचें जहाज भयंकर वादळांत सांपडलें. मृत्यु समोर दिसत असतां त्याच्या तोंडून देवाचें नांव निघालें. जहाज वांचलें, आणि त्या दिवसापासून आपल्यावर कृपा झाली असें तो जन्मभर मानीत आला. शिवीगाळ त्यानें सोडली, देवनिंदा सोडली. एक गोष्ट मात्र सोडली नाहीं. ती म्हणजे गुलामांचा व्यापार. उलट १७५० पासून १७५४ पर्यंत तो स्वतः अशा जहाजांचा कप्तान होता. आफ्रिकेच्या किनाऱ्यावर माणसें विकत घ्यावयाचीं, त्यांना बेड्या घालून जहाजाच्या पोटांत दाटीनें कोंडावयाचें आणि महासागरापलीकडे नेऊन विकावयाचें, हा त्याचा धंदा. रविवारीं हाच मनुष्य आपल्या खलाशांना डेकवर जमवून उपासना चालवी. पुढें १७६४ सालीं प्रसिद्ध केलेल्या आत्मवृत्तांत त्यानें असें सांगितलें आहे कीं, ईश्वराशीं अत्यंत मधुर सहवास आपणांस गिनीच्या शेवटच्या दोन सफरींत घडला. १७५४ त त्यानें समुद्र सोडला तोही प्रकृति बिघडली म्हणून. मन बिघडलें म्हणून नव्हे.

येथें न्यूटनला ढोंगी म्हणून मोकळें होणें सोपें आहे, पण तें खरें नाहीं. ढोंगी मनुष्यास आपलें पाप माहीत असतें; तो तें झांकतो. न्यूटनला आपणांपाशीं झांकण्यासारखें कांहीं आहे हेंच ठाऊक नव्हतें. पापांची जी यादी त्याच्या समाजानें त्याच्या हातीं दिली होती, ती त्यानें प्रामाणिकपणें तपासली आणि एकेक पाप खोडून काढलें. गुलामांचा व्यापार त्या यादींत नव्हताच. तो कायदेशीर होता, प्रतिष्ठित होता. लिव्हरपूलसारखीं बंदरें त्यावर भरभराटलीं होतीं. जें सर्व लोक करतात, आणि ज्यावांचून चालावयाचें नाहीं असें सर्व लोक म्हणतात, तें पाप म्हणून दिसण्यास डोळ्यांना निराळाच प्रकाश लागतो.

तो प्रकाश न्यूटनला फार उशिरां मिळाला. तोंवर तो धर्मोपदेशक झाला होता, आणि ‘अमेझिंग ग्रेस’ या नांवानें आज जगभर गाइलें जाणारें त्याचें गीत १७७९ त छापून निघालें होतें. १७८८ सालीं, म्हणजे त्या वादळानंतर चाळीस वर्षांनीं, त्यानें गुलामांच्या व्यापाराविरुद्ध एक छोटें पुस्तक प्रसिद्ध केलें. त्यांत त्यानें दुसऱ्यांवर आरोप करण्यापूर्वीं स्वतःस आरोपी केलें. ही कबुली फार उशिरां येत आहे, आणि ज्या धंद्याच्या आठवणीनें आज काळीज कांपतें त्यांत आपला हात होता, ही लाज आपणांस जन्मभर पुरेल, अशा आशयाचें त्यानें लिहिलें. सरकारी चौकशीपुढें त्यानें डोळ्यांनीं पाहिलेलें सांगितलें. विल्बरफोर्सला धीर दिला. १८०७ त ब्रिटिश पार्लमेंटानें हा व्यापार बंद केला, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस न्यूटन वारला.

मग १७४८ ची त्याची श्रद्धा खोटी म्हणावी काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. ज्या श्रद्धेनें १७८८ त त्याच्या हातून ती कबुली लिहवून घेतली, ती तीच. त्या वादळानंतर पुष्कळ काळपर्यंत आपणांस पूर्ण अर्थानें श्रद्धावंत म्हणतां येत नव्हतें, असें तो स्वतःच पुढें म्हणत असे. परंतु बीज खरें होतें, झाड वाढण्यास वेळ लागला, एवढ्यावर आपण समाधान मानूं लागलों तर एक गोष्ट विसरतों. त्या वेळाची किंमत न्यूटननें दिली नाहीं. ती त्याच्या जहाजाच्या पोटांत बेड्या घालून पडलेल्या माणसांनीं दिली. वर एका मनुष्याचा आत्मा हळूहळू सुधारत असतां खालीं दुसऱ्या मनुष्यांचे जीव जात होते. म्हणून श्रद्धावंताच्या आंधळेपणाचा निवाडा केवळ त्याच्या हेतूवरून करून चालत नाहीं. त्या आंधळेपणाखालीं कोण चिरडला गेला, हेंही विचारावें लागतें.

नव्या कराराच्या मूळ ग्रीक भाषेंत पापास नेहमीं येणारा शब्द ‘हामार्तिया’ असा आहे, आणि त्याचा मूळ अर्थ नेम चुकणें असा आहे. नेम चुकलेल्या माणसास आपला बाण कोठें जाऊन लागला हें पुष्कळदां कळतही नाहीं. पश्चात्तापास त्याच भाषेंत ‘मेटानोइआ’ म्हणतात. त्याचा अर्थ मन पालटणें, नवी समज येणें. आपल्या मराठी शब्दांत मागाहून होणाऱ्या तापावर भर आहे, ग्रीक शब्दांत पालटलेल्या दृष्टीवर आहे. दोन्ही अर्थ एकत्र घेतले पाहिजेत. ताप आहे पण दृष्टि पालटली नाहीं, तर मनुष्य रडतो आणि तेंच पुन्हां करतो. दृष्टि पालटली पण ताप नाहीं, तर तो सुधारक होतो, व्याख्यानें देतो, आणि स्वतःस निराळा ठेवतो.

या दोहोंचा मेळ पाहावयाचा तर दूर जाण्याचें कारण नाहीं. पंडिता रमाबाईंनीं १८८३ सालीं इंग्लंडांत वाँटेज येथें बाप्तिस्मा घेतला. त्यापूर्वीं तेथील भगिनींनीं त्यांना लंडनजवळील फुलम येथलें आपलें एक गृह दाखविलें होतें. समाजानें पतित म्हणून टाकलेल्या स्त्रियांची तेथें प्रेमानें शुश्रूषा चाले. ज्यांना पाहून आपल्याकडे लोक तोंड फिरवितात त्यांच्यावर हें प्रेम कां, असें रमाबाईंनीं विचारलें, तेव्हां त्यांना विहिरीपाशीं ख्रिस्ताला भेटलेल्या शोमरोनी स्त्रीची कथा सांगण्यांत आली. त्या कथेनें त्यांना जिंकलें. तथापि पुढें १९०७ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या साक्षींत त्या सांगतात कीं, बाप्तिस्म्यानंतर सुमारें आठ वर्षांनीं त्यांच्या ध्यानांत आलें, आपणांस ख्रिस्ती धर्म सांपडला आहे, पण ख्रिस्त सांपडलेला नाहीं. ज्या बाईनें घरदार, जातगोत, लौकिक यांवर पाणी सोडलें होतें, विधवांकरितां शारदासदन उघडलें होतें, तिनें असें म्हणावें ही लहान गोष्ट नव्हे. उणीव होती ती त्यागाची नव्हती आणि ज्ञानाचीही नव्हती. पतित स्त्रीवर दया करणें त्यांना आधींच कळलें होतें. आपणही त्या विहिरीपाशीं घागर घेऊन उभ्या आहोंत, हें कळावयाचें राहिलें होतें.

हें कळल्यावर त्या हात जोडून बसल्या नाहींत. १८९६–९७ च्या दुष्काळांत मध्यप्रांतांतून त्यांनीं शेंकडों अनाथ मुली आणल्या, केडगांवीं मुक्तिसदन वसविलें, आणि ज्यांना कोणीच थारा देत नसे अशा स्त्रियांसाठीं तेथें निराळें घर बांधून त्यास कृपासदन असें नांव दिलें. हें नांव पाहण्यासारखें आहे. दयासदन म्हटलें असतें तर देणारी एक व घेणारी दुसरी असें झालें असतें. कृपेच्या घरांत चालक आणि आश्रित दोघीही घेणाऱ्याच असतात.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला असा कीं, क्षमा इतकी सुलभ केली तर लोक पापास भिणार नाहींत. हा आक्षेप पौलानें रोमकरांस लिहिलेल्या पत्रांत स्वतःच घेतला आहे आणि झिडकारलाही आहे. त्याचें प्रत्यक्ष उत्तर जक्कयाच्या कथेंत आहे. हा जकातदारांचा मुख्य. ख्रिस्त त्याच्या घरीं उतरला तो कसलीही अट घालून नव्हे. पण क्षमेचें वारें लागतांच जक्कय उठला आणि अर्धी मालमत्ता गरिबांस देण्याची व ज्यास नाडलें असेल त्यास चौपट परत करण्याची भाषा बोलूं लागला. क्षमेनें हिशेब बुडत नाहीं. क्षमा मिळालेला मनुष्यच न भितां वही उघडूं शकतो.

दुसरा आक्षेप असा कीं, सदैव पापाचें चिंतन केल्यानें मन दुबळें होतें. हा आक्षेप अगदींच पोकळ नाहीं. आपल्याच दोषांभोंवतीं घिरट्या घालणारें मन अखेर आपल्याभोंवतींच घिरट्या घालीत असतें. तोही एक अहंकारच. परंतु मंदिरांत उभ्या राहिलेल्या परूशी व जकातदार यांच्या दाखल्यांत लांबलचक हिशेब कोण सांगतो? परूशी. जकातदाराची प्रार्थना अगदीं आंखूड आहे. आणि घरीं जातांना ओझें उतरलेलें आहे तें त्याचें. पापाची खरी जाणीव मनुष्याला आपल्याकडून दुसऱ्याकडे वळविते. ज्या जाणिवेनें शेजारी अधिक स्पष्ट दिसत नाहीं, ती पापाची जाणीव नव्हे.

आतां आपली यादी तपासावयाची आहे. आपल्या मराठी ख्रिस्ती समाजांत प्रभुभोजनाच्या वेळीं एकाच भाकरीचे वांटेकरी होणारीं कित्येक कुटुंबें सोयरीक जुळवितांना एकमेकांच्या पणजोबांची जात विचारतात. त्यास कोणी पाप म्हणत नाहीं, रीत म्हणतात. घरची मोलकरीण आजारी पडून चार दिवस आली नाहीं तर तिचा पगार कापला जातो; त्यास व्यवहार म्हणतात. गुलामांच्या व्यापारासही एके काळीं व्यवहारच म्हणत. या गोष्टी त्या भयंकर धंद्याच्या तोडीच्या आहेत असें आमचें म्हणणें नाहीं. त्या दिसत नाहींत त्याचें कारण मात्र एकच आहे, एवढेंच आम्ही म्हणतों.

म्हणून खऱ्या श्रद्धावंताची ओळख तो किती पापांतून सुटला यावरून करूं नये. काल न दिसणारें आपलें पाप त्यास आज दिसतें कीं नाहीं, आणि दिसल्यावर तो नुकसान भरून देण्यास उठतो कीं नाहीं, हें पाहावें. प्रार्थनेंत मन फार शांत झालें, तर त्याबद्दल देवाचे आभार अवश्य मानावे. पण उठण्यापूर्वीं, आपल्या या शांततेची किंमत आपल्या पायांखालीं दुसरें कोणी देत तर नाहीं ना, हेंही त्यास एकदां विचारावें. न्यूटनला हें विचारावयास चाळीस वर्षें लागलीं. त्याचें चरित्र वाचलेल्या आपणांस इतका अवधि मागण्याचा अधिकार नाहीं.