चढणीचा मासा आणि किंदमाचा शाप

मृगाचा पहिला मुसळधार पाऊस होऊन गेला, की त्या रात्री आमच्या महाड तालुक्यातल्या वहाळांकाठी ज्या चुडी आणि बत्त्या हलू लागतात, त्या चोरांच्या नसून चढणीचे मासे मारायला निघालेल्या प्रतिष्ठित गृहस्थांच्या असतात. आणि आजोबांचा पाग खांद्यावर टाकून लहानपणी मीही त्यांच्यामागून जात असे. उन्हाळाभर डोहात दडलेला मासा नव्या गढूळ लोंढ्याची चाहूल लागताच प्रवाहाच्या उलट निघतो आणि वहाळातून पऱ्यात, पऱ्यातून भातखाचरात शिरतो. कारण तिथले उथळ, उबदार, मोठ्या माशांच्या तावडीबाहेरचे पाणी हेच त्याच्या संततीचे सूतिकागृह. बांधाच्या खांडीशी पाणी वीतभर उंचीवरून पडत असते. एखादी मादी अंग तिरके करून उसळते, मागे पडते, दगडाच्या आडोशाला कल्ले हलवीत क्षणभर विसावते. त्या विसाव्याच्या क्षणीच कोयती पडते. घरी विळीवर पोट चिरताच पिवळी गाभोळी बाहेर ओघळते; आणि आईने हळद, तिखट, मीठ लावून तव्यावर परतलेल्या त्या गाभोळीची चव, वैराग्याच्या कितीही गोष्टी केल्या तरी, माझ्या जिभेवरून अद्याप हटलेली नाही.

जीवहत्येचा सामान्य प्रश्न मी येथे काढीत नाही. वनपर्वातल्या मिथिलेच्या धर्मव्याधाने कौशिक ब्राह्मणाला नांगराखाली मरणाऱ्या जीवांची आठवण देऊन त्या प्रश्नातला पुष्कळसा दंभ उतरविला आहे. माझे अडते ते आदिपर्वापाशी. मृगरूपाने मृगीशी रत झालेल्या किंदम ऋषीला पांडूने बाण मारला, तेव्हा मरणोन्मुख ऋषीने शाप दिला खरा, परंतु मृगया हा राजाचा हक्क मात्र नाकारला नाही. त्याची फिर्याद एवढीच, की राजा थांबला नाही. तेच धनुष्य, तोच बाण. घटकाभर उशिरा सुटता तर शिकार म्हणविता, त्या वेळी सुटला म्हणून अधर्म ठरला. तेव्हा दोष वधात नसून वेळेत असू शकतो काय?

अशोकाला हे कळले असावे. राज्याभिषेकास 26 वर्षे झाल्यावर कोरविलेल्या पाचव्या स्तंभलेखात गाभण आणि दुभत्या शेळ्या-मेंढ्यांना अभय आहे, आणि चातुर्मासी पौर्णिमांसह ठराविक तिथींना मासा मारण्यास व विकण्यासही मनाई आहे. आमचे किनाऱ्यावरचे कोळी तर नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या शाकारून ठेवतात. त्यात खवळलेल्या दर्याचे भय किती आणि माशांच्या विणीची कणव किती, हा हिशेब कोणी मांडू नये. सरकारनेही 1 जून ते 31 जुलै ही समुद्रावरच्या बंदीची मुदत घातली आहे. म्हणजे ज्याचे पोट मासळीवर चालते तो थांबतो, आणि ज्याला भाताची रोपे लावायची आहेत तो नेमका त्याच मुदतीत कोयती परजतो!

आणि आमच्याच तालुक्यात, सावित्रीला मिळणाऱ्या नदीवर, वाळणकोंड आहे. वरदायिनीच्या त्या डोहातल्या माशांना कोणी हात लावीत नाही. भाविक कुरमुरे टाकतात आणि हातभर लांबीचे मासे निर्धास्तपणे पृष्ठभागावर येतात. तो डोह सोडून पुरात वाहत गेलेल्या माशाचे देवत्व कुठे संपते, हे मात्र कोणी सांगत नाही. स्थळाची हद्द आम्ही मानतो, कारण तिथे देवीचा अंमल आहे. काळाच्या हद्दीवर कोण्या देवतेचे ठाणे नाही. त्या नदीचेच नाव काळ असावे, हा योगायोग मला किंचित खोचक वाटतो.

एका वर्षी मी हट्टाने थांबलो. मृगापासून श्रावणापर्यंत पागाला हात लावला नाही आणि भाद्रपदाअखेरीस, खाचरे सुटू लागल्यावर, खाली परतणारे उतरणीचे मासे धरून आणले. आईने ते सुपात पसरले, एकाचे पोट अंगठ्याने चाचपले आणि म्हणाली, "हे कसले रे रोडके? आत काहीच नाही." मी जेवलो, आणि जेवताना मृगातला तवा आठवत राहिलो.