मजल्यामजल्याची फरशी

ताथवड्यात एका आजीचं घर होतं. ते एकदम बांधलेलं नव्हतं. गाव वाढत गेलं तसं घर वर चढत गेलं. मागे जुनी मातीची खोली होती, शेणानं सारवलेली. पुढच्या खोल्यांत शहाबादी, पहिल्या मजल्यावर मोझेक. 2009 साली गाव पिंपरी-चिंचवड महापालिकेत गेलं, शेतांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या, आणि घरावर दुसरा मजला आला, तो व्हिट्रिफाइड टाइल्सचा. तिसऱ्या मजल्यावर नातू राहायचा. त्यानं हॉलमध्ये पांढरा संगमरवर घातला होता आणि झोपायच्या खोलीत लाकडी पट्ट्या.

घरकामाला एक तरुण बाई होती, लातूरकडची. नवरा चाकणला कंपनीत. बाई कष्टाला वाघीण. पोछा हातात घेतला की कोपरान् कोपरा निघायचा.

दसऱ्याच्या आधी नातवानं अ‍ॅसिडचा कॅन आणला. बोअरच्या पाण्यानं बाथरूमच्या टाइल्सवर पांढरट थर चढले होते. बाईनं खिडकी उघडली, अ‍ॅसिड ओतलं, खराट्यानं घासलं. वर्षाचा थर घटकेत निघाला. बाई हरखली. कॅनमध्ये अजून निम्मं शिल्लक होतं.

तिनं ते बादलीत ओतलं आणि वरच्या मजल्यापासून सुरुवात केली. संगमरवरावर पाणी पडताच फेस आला. मळ निघतोय असं वाटून तिनं आणखी जोर लावला. लाकडी पट्ट्यांवर बादलीभर पाणी टाकून त्या धुतल्या. मोझेक घासलं, शहाबादी घासली. कोणी सांगितलं नव्हतं, तरी सणाचं म्हणून सगळं घर एका हातानं उरकलं.

संध्याकाळी फरशा वाळल्या. संगमरवराची चमक गेली होती, हात फिरवला तर बारीक वाळूसारखं लागत होतं. मोझेक निस्तेज झालं होतं, शहाबादीवर पांढरे ओघळ उठले होते. दुसऱ्या मजल्यावरच्या टाइल्स तशाच चमकत होत्या, पण केर काढताना सांध्यातलं सिमेंट भुसभुशीत होऊन केरसुणीबरोबर आलं. दोन दिवसांनी लाकडी पट्ट्यांच्या कडा फुगल्या.

नातू संतापला. पगारातून कापून घेतो म्हणाला. बाई दाराशी उभी राहून रडायला लागली.

आजीनं नातवाला गप्प केलं आणि बाईला मागच्या खोलीत नेलं. "एवढी जमीन सारवून दे," म्हणाली.

बाईनं डोळे पुसले. शेणात माती मिसळली, पाणी घातलं, काला दोन बोटांतून ओघळतो का पाहिलं, आणखी थोडं शेण घातलं. मग आतल्या भिंतीपासून हाताचे अर्धगोल काढत, मागे सरकत सरकत दारापाशी आली.

"पाणी बेतानं घातलंस ते?" आजीनं विचारलं.

"पातळ झालं तर धरत नाही, आजी. जाड झालं तर पोपडे येतात."

"आणि मागं का सरकलीस?"

"ओल्यावर पाय पडला तर उठतंय ना सगळं."

"मग वरच्या फरशीचं का नाही पाहिलंस असं?"

बाई गप्प झाली. थोड्या वेळानं म्हणाली, "ही जमीन आईनं दाखवली होती. वरच्या फरश्या कोणी दाखवल्याच नाहीत."

आजीला ते पटलं. तिनं नातवाला हाक मारली आणि तिघं गच्चीवर गेली. पाण्याच्या टाकीखाली प्रत्येक मजल्याचे उरलेले तुकडे रचून ठेवले होते. आजीनं लिंबू कापलं आणि एकेका तुकड्यावर थेंब थेंब पिळलं. संगमरवरावर बारीक बुडबुडे उठले. शहाबादीवर उठले. मोझेकच्या खड्यांवर उठले. व्हिट्रिफाइडवर थेंब नुसता बसून राहिला.

"हा फेस मळाचा नव्हे, पोरी," आजी म्हणाली. "दगड विरघळतोय. संगमरवर, शहाबादी, मोझेक, सगळ्यांत चुना आहे. त्यांना आंबट चालत नाही. साधं पाणी आणि चिमूटभर साबण पुरे."

नातू खाली वाकून बुडबुडे बघत होता. त्याच्या खिशातून सगळ्यात जास्त पैसे संगमरवराला गेले होते, आणि तो दगड लिंबाला भितो हे त्याला ठाऊक नव्हतं. कॅन त्यानंच आणला होता, हेही तेव्हा त्याच्या ध्यानात आलं असावं. पगाराची गोष्ट त्यानं पुन्हा काढली नाही.

त्यानंतर बाई लाकडी पट्ट्यांवर पोछा घट्ट पिळून फिरवू लागली. व्हिट्रिफाइडवर साबणाचा थर राहू नये म्हणून दुसरा हात कोऱ्या पाण्याचा मारू लागली. कडप्प्याच्या ओट्याला अधूनमधून खोबरेल तेलाचं बोट लावायचं, हे तिनं स्वतःहून विचारून घेतलं. अ‍ॅसिड फक्त बाथरूमपुरतं राहिलं, तेही सांधे सांभाळून, आणि ब्लीचिंग पावडरजवळ कधीच नाही. त्या दोघांच्या भेटीतून विषारी वायू निघतो.

दिवाळीच्या आधी पॉलिशवाला मशीन घेऊन आला. पाणी सोडत, दगड बदलत त्यानं मोझेक आणि संगमरवर पुन्हा वर आणला. शहाबादीवरचे ओघळ मात्र पुढं वर्षभर पुसट दिसत राहिले. फुगलेल्या पट्ट्या बदलाव्या लागल्या.

बाईच्या कष्टात खोट नव्हती. विचारपूस तेवढी राहिली होती. विचारपूस नसली की जीव ओतून केलेली सेवासुद्धा समोरच्याची साल काढते, मग तो दगड असो की घरातलं माणूस.

पॉलिशवाल्याचा हिशेब चुकता करताना नातू म्हणाला, "आजी, आता मागच्या खोलीतही टाइल्स घालून टाकू. सारवायची कटकट नको."

"घाल की," आजी म्हणाली. "पावसात वासरू तिथं बांधते मी. घसरून पडलं की उचलायला तू ये."

नातवानं बाईकडं पाहिलं. बाई पदर तोंडाला लावून हसत होती.