शेजार कुठपर्यंत?

सहावीच्या वर्गात शेजाऱ्यांच्या हक्कांविषयी शिकवत होते. मुलांना विचारले, आपला पडोसी कोण? कुणी वरच्या मजल्यावरच्या आपांचे नाव घेतले, कुणी समोरच्या दुकानवाल्या चाचांचे. मागच्या बाकावरची एक मुलगी उठून म्हणाली, "टीचर, हमारी दीवार के पीछे जिनका खेत है, वो भी पडोसी में आते क्या?" वर्ग हसला. मीही हसले, "हां बेटा, क्यूं नहीं" म्हणाले आणि धडा पुढे नेला. घरी येताना मात्र तो प्रश्न सोबत आला. कारण त्या भिंतीच्या अलीकडे मीही राहते.

नेरळ हे नाव बहुतेकांना माथेरानच्या छोट्या गाडीमुळे माहीत असते. 1907 साली आदमजी पीरभॉय यांच्या कुटुंबाने ती सुरू केली. आता मुंबईत घर न परवडणारी अनेक कुटुंबे इकडे येतात. आमची वसाहत गावाच्या टोकाला आहे. दाराशी पाणी आहे, मशीद चालत पाच मिनिटांवर आहे, मुले अंगणात खेळतात. मागे कंपाउंडची भिंत, आणि भिंतीपलीकडे थेट डोंगराच्या पायथ्यापर्यंत भातखाचरे. सकाळी खिडकी उघडली की डोळे निवतात.

मी पाच वर्षांची असताना, 1992-93 च्या दंगलीनंतर, आईवडिलांनी मुंबईतली मिश्र वस्तीतली खोली मिळेल त्या किमतीला विकली आणि ते आपल्या माणसांत राहायला गेले. लहानपणी मी 'आपली माणसे' हा शब्द सर्वांत जास्त ऐकला. म्हणून आमच्या वसाहतीतल्या भिंतीला कुणी नावे ठेवली तर मला पटकन पटत नाही. ती भिंत कुणी हौसेने बांधलेली नाही. तिच्यामागे भय आहे आणि त्या भयाला कारण आहे. पण भयाने बांधलेल्या भिंतीच्या आत राहून माणूस हळूहळू पलीकडे बघायचेच विसरतो, हेही मी अनुभवले आहे.

दरवर्षी एप्रिल-मे महिन्यांत पलीकडे राब भाजतात. भाताचे रोप टाकायच्या जागेवर पालापाचोळा, शेण, गवत पसरून जाळतात, म्हणजे तण मरते आणि रोप जोमाने येते. त्याचा धूर दोन-चार दिवस आमच्या घरांत शिरतो. वाळत घातलेल्या कपड्यांना वास येतो, दम्याच्या माणसांना त्रास होतो. एका वर्षी सोसायटीच्या बैठकीत ठरले की ग्रामपंचायतीकडे तक्रार करायची. माझे मराठी बरे म्हणून अर्ज मीच लिहिला. 'सदर धुरामुळे रहिवाशांच्या आरोग्यास धोका निर्माण झाला असून' वगैरे. सर्वांनी कौतुक केले. मलाही बरे वाटले.

त्याच वर्षी जुलैमध्ये, ऐन आवणीच्या दिवसांत, खाचरवाल्या मावशी आमच्या फाटकाशी आल्या. आमच्या बाजूला गटारयोजना नाही. इमारतींच्या मैलाटाक्या आहेत आणि पावसाळ्यात त्या भरून वाहतात. ते पाणी जावे म्हणून बिल्डरने भिंतीखालून एक पाइप काढून दिला होता. तो कुठे उघडतो हे आम्ही कधी पाहिले नव्हते. मावशींनी लुगडे वर करून पाय दाखवले. घोट्यापर्यंत कातडी सोलली होती. "बाई, तुमी शालेत शिकवता ना? मंग या लोकांना सांगा. तुमचं पाणी माज्या खाचरात येतं, मी त्यात दिवसभर उभी असते."

चेअरमन म्हणाले, "बघू, मीटिंगमध्ये घेऊ." मी काहीच बोलले नाही. दोन-चार दिवसांच्या धुरासाठी ज्या हाताने अर्ज लिहिला, तो हात वर्षभराच्या मैल्यासाठी उचलला गेला नाही. आम्ही कपड्यावर नजासतीचा एक थेंब पडला तरी नमाजपूर्वी तो धुतो. आणि तीच नजासत पाइपाने दुसऱ्याच्या अन्नात सोडून निवांत वजू करतो.

कुराणात सूरह निसाच्या 36व्या आयतीत आईवडील, नातलग, अनाथ, गरीब यांच्याबरोबर शेजाऱ्याशी चांगले वागायला सांगितले आहे. तिथे नात्यातला शेजारी आणि परका शेजारी असे दोन्ही वेगळे सांगितले आहेत. परक्याला वगळायची सवय माणसाला असते, म्हणूनच कदाचित त्याचा वेगळा उल्लेख आला असावा. शोरव्यात थोडे पाणी वाढवा आणि शेजाऱ्याची आठवण ठेवा, ही प्रेषितांची (स.) शिकवण आमच्या घरातल्या मुलांनाही ठाऊक आहे.

पण शेजार मोजायचा कुठपर्यंत? हजरत हसन बसरी यांनी चारही बाजूंना चाळीस-चाळीस घरे सांगितल्याचे येते. फिकहमध्ये शुफा म्हणून एक हक्क आहे. घरजमीन विकली जात असेल तर ती आधी विकत घेण्याचा हक्क. हनफी इमामांनी तो लगतच्या शेजाऱ्यालाही दिला, शाफईंनी फक्त हिस्सेदाराला. आमच्या वसाहतीत कोकणी शाफई आहेत आणि उत्तरेकडून आलेले हनफीही, त्यामुळे यावर गप्पा रंगतात. आपल्या देशात 1962 साली सर्वोच्च न्यायालयाने केवळ लगतच्या शेजारामुळे मिळणारा असा हक्क घटनेशी विसंगत ठरवला. परक्या जातीधर्माच्या माणसाला वस्तीत येऊ न देण्यासाठी असा हक्क वापरता येतो, हे त्यामागचे एक कारण होते. म्हणजे शेजारधर्माचे नाव घेऊन दार उघडता येते, तशी भिंतही बांधता येते.

मला वाटते, घरे मोजून शेजार ठरत नाही आणि नाते पाहूनही ठरत नाही. आपल्या वागण्याचा त्रास जिथवर पोहोचतो, तिथवर आपला शेजार. आमचे सांडपाणी ज्या खाचरात जाते, ते खाचर आमच्या शेजारात आहे. त्यांचा धूर आमच्या घरात येतो, म्हणून आम्हीही त्यांच्या शेजारात आहोत. फरक इतकाच, की ते शेती इथे आमच्या आधीपासून करतात. ज्या जमिनीवर आमची इमारत आहे, तीही बिनशेती होण्यापूर्वी खाचरच होती.

27 जुलै 2019 रोजी उल्हास नदीच्या पुरात महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान अडकली. गाडीत हजाराहून अधिक प्रवासी होते. नौदल आणि मदतपथके आली, तसे आसपासचे गावकरीही धावले. गाडीतला माणूस कुठल्या गावचा, कुठल्या जातीचा, हे तेव्हा कुणी विचारले नाही. ती गाडी काही तासांपुरती त्यांच्या शेजारात आली होती, एवढे त्यांना पुरले.

अल्लाहचे हक्क आणि बंद्यांचे हक्क यांत आपले उलेमा एक फरक सांगतात. नमाज-रोजा चुकला तर अल्लाह माफ करू शकतो. हक्कुल इबादमध्ये मात्र ज्याचा हक्क मारला, त्याच्याकडेच जावे लागते. हे मी वर्गात कितीदा सांगितले असेल. त्या मुलीच्या प्रश्नानंतर मात्र मला जावे लागले.

आधी सोसायटीच्या बैठकीत मीच पाइपाचा विषय काढला. वाद झाला. "बिल्डरची चूक, आम्ही का भरायचे?" असे काहींनी विचारले. हा प्रश्न अगदीच खोटा नव्हता. पण बिल्डर निघून गेला होता आणि पाणी आमचे होते. शेवटी पाइप बंद करून वसाहतीच्याच जागेत शोषखड्डा खणायचे ठरले. दोन घरांनी अजून वर्गणी दिलेली नाही.

मग मी मावशींकडे गेले. धुराचा अर्ज मी लिहिला होता, हे त्यांना सांगितले. वाटले, रागावतील. त्या सूप पाखडत होत्या. म्हणाल्या, "धूर तर आमालापण लागतो, बाई. डोले आमचेपण चुरचुरतात." आणि निघताना पदरातून मूठभर टाकळ्याची भाजी दिली. माफ केले असे काही त्या म्हणाल्या नाहीत, मीही ते वदवून घेतले नाही. खड्डा मोठ्या पावसात टिकतो का, ते बघायचे आहे. तो टिकला नाही तर माझी माफीही टिकणार नाही.

दुसऱ्या दिवशी वर्गात त्या मुलीला उभे केले आणि म्हटले, "बेटा, तुमने जो पूछा था, उस पर हमको हंसना नहीं चाहिए था. पहले वही पडोसी है." ती काही बोलली नाही, नुसती लाजून बसली. मी फळ्यावर त्या दिवसाचा धडा लिहायला वळले.