नाडीपरीक्षा आणि लोकमत

डॉ. बिधानचंद्र रॉय २३ जानेवारी १९४८ रोजी पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री झाले तेव्हा त्यांनी वयाची पासष्टी गाठली होती, कलकत्त्याचे अग्रगण्य धन्वंतरी म्हणून त्यांची कीर्ती देशभर पसरून बराच काळ लोटला होता, आणि फाळणीने दुभंगलेल्या, त्रेचाळीसच्या दुष्काळातून पुरत्या न सावरलेल्या त्या प्रांताचा कारभार शिरावर घेण्यात असलेली कीर्ती गमावण्याचाच संभव अधिक होता. संयुक्त प्रांताचे राज्यपालपद त्यापूर्वी त्यांच्यापुढे चालून आले होते. ते मानाचे आणि निर्वेध पद त्यांनी स्वीकारले नाही, आणि हे काटेरी पद मात्र स्वीकारले. १ जुलै १९६२ रोजी, ऐंशी वर्षे पूर्ण झाली त्याच दिवशी, त्यांनी देह ठेवला तोपर्यंत ते त्या पदावर अखंड होते.

वैद्यकीतून राज्यकारभारात आलेल्यांची परंपरा आपल्याला अपरिचित नाही. नागपूरचे डॉ. ना. भा. खरे मध्यप्रांत-वऱ्हाडचे मुख्य प्रधान झाले आणि १९३८ साली सहकाऱ्यांशी बेबनाव होऊन, मंत्रिमंडळाची परस्पर फेररचना केल्यामुळे काँग्रेसश्रेष्ठींच्या रोषास पात्र ठरून, पायउतार झाले. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयाची घडी बसविणारे डॉ. जीवराज मेहता १९६० साली गुजरातचे पहिले मुख्यमंत्री झाले. परंतु डॉ. रॉय यांच्याइतका दीर्घ अंमल यांपैकी कोणासही लाभला नाही, आणि म्हणूनच वैद्याची विद्या राज्यकर्त्याच्या किती उपयोगी पडते व कोठे त्याला दगा देते, या प्रश्नाचा विचार करावयाचा तर त्यांच्या चरित्राइतके उपयुक्त दुसरे चरित्र मला दिसत नाही.

आपले राजकारण प्रथमपासून बहुतांशी कायदेपंडितांच्या हाती राहिले. वकिलाची बुद्धी प्रश्नाच्या दोन्ही बाजू पाहण्यास सरावलेली असते, आणि तारीख पुढे ढकलणे हाही त्याच्या व्यवसायात पुष्कळदा एक विजयच असतो. वैद्याला ती सवलत नाही. अपुऱ्या माहितीवर, वेळ निघून जाण्याच्या आत, काहीतरी एक निश्चित करणे आणि त्याचे परिणाम उघड्या डोळ्यांनी पाहणे हा त्याचा नित्याचा धर्म होय. १९०९ साली लंडनच्या सेंट बार्थॉलोम्यूज रुग्णालयात प्रवेशासाठी केलेले अर्ज पुनःपुन्हा नामंजूर होत असताही माघार न घेणाऱ्या, आणि प्रवेश मिळताच सुमारे सव्वादोन वर्षांत वैद्यक व शल्यविद्या या दोन्ही शाखांच्या सर्वोच्च पदव्या घेऊन १९११ साली परतणाऱ्या या पुरुषाच्या ठिकाणी तर हा निश्चय स्वभावतःच होता. १९२३ साली बराकपूर मतदारसंघात साक्षात सुरेंद्रनाथ बॅनर्जींचा पराभव करून ते कायदेमंडळात गेले, पुढे कलकत्त्याचे महापौर झाले, विश्वविद्यालयाचे कुलगुरू झाले. पण त्यांच्या निर्णयशक्तीला खरा वाव मिळाला तो मुख्यमंत्री झाल्यावरच. दुर्गापूरची उद्योगनगरी, युद्धकाळातील अमेरिकन विमानतळाच्या जागी वसविलेले कल्याणी, हरिणघाट्याची दुग्धशाळा, सरकारी बसगाड्या, कलकत्त्याच्या पूर्वेकडील खारी दलदल भरून काढून नवे उपनगर उभारण्याची योजना, या साऱ्यांत दुखणे ओळखून तत्काळ उपाययोजना करणारा हात स्पष्ट दिसतो. दफ्तरांतून वर्षानुवर्षे फिरणाऱ्या प्रकरणांच्या देशात ही गोष्ट लहान नव्हे, आणि तिचे श्रेय त्यांना देताना मी यत्किंचितही हात आखडता घेणार नाही.

परंतु वैद्याच्या अधिकाराचे मूळ कशात आहे? रोगी आपण होऊन त्याच्याकडे येतो, आपल्याला समजत नाही ते याला समजते असे मानतो, आणि आपले शरीर काही काळ त्याच्या स्वाधीन करतो. नागरिक राज्यकर्त्याच्या स्वाधीन होत नाही. तो त्याला मुखत्यारी देतो, तीही मुदतीची, आणि तिचा हिशेब मागण्याचा हक्क स्वतःपाशी राखून ठेवतो. हा भेद ज्याला विसरण्याची सवय लागली त्याच्या हातून कितीही कल्याणकारी काम झाले तरी त्यात लोकशाहीचा प्राण राहत नाही.

आणि हा भेद डॉ. रॉय यांना ठाऊक नव्हता असे म्हणता येत नाही, कारण त्याचा सर्वांत कठीण धडा त्यांनी रुग्णशय्येपाशीच, आणि तोही आपल्या पुण्यात, घेतला होता. १० फेब्रुवारी १९४३ रोजी आगाखान राजवाड्याच्या बंदिवासात गांधीजींनी एकवीस दिवसांचे उपोषण आरंभिले. त्र्याहत्तर वर्षांच्या त्या देहाची देखरेख करणाऱ्यांत सरकारी सर्जन होते, स्वतः बंदिवान असलेले डॉ. गिल्डर व डॉ. सुशीला नायर होत्या, आणि कलकत्त्याहून आलेले बिधानबाबू होते. दुसरा आठवडा सरता सरता प्रकृती इतकी ढासळली की पाणीही पोटात ठरेना. पुष्टी देणारे कोणतेही द्रव्य शरीरात घालणे हा व्रतभंग झाला असता. मात्र पाणी पिणे असह्य झाले तर त्यात आंबट फळांचा रस मिसळण्याची मोकळीक गांधीजींनी प्रारंभीच राखली होती, आणि तिचा आधार घेऊन मोसंब्याचा थोडा रस पाण्यात घालण्यात आला. मळमळ शमली, पाणी ठरू लागले, आणि ३ मार्च रोजी उपोषण सुखरूप पार पडले. या प्रसंगी वैद्याचे ज्ञान रोग्याच्या संकल्पावर मात करू शकत नव्हते; त्या संकल्पाने आखलेल्या चतुःसीमेच्या आत राहूनच त्याला आपले कौशल्य चालवावे लागले. माझ्या मते राज्यकर्त्याचे जनतेशी असलेले नाते याहून अधिक यथार्थपणे दाखविणारा प्रसंग डॉ. रॉय यांच्या उभ्या आयुष्यात दुसरा नाही.

मुख्यमंत्री झाल्यावरही ते रोज सकाळी आपल्या निवासस्थानी रोग्यांना विनामूल्य तपासत आणि नंतर रायटर्स बिल्डिंगमध्ये कामास जात. हा नेम त्यांनी वार्धक्यातही सोडला नाही, आणि त्यातील करुणा अस्सल होती यात मला शंका नाही. परंतु सकाळी समोर बसलेला माणूस आणि दुपारी मोर्चा घेऊन येणारा माणूस हे दोन वेगळ्या नात्यांनी आलेले असतात. पूर्व बंगालमधून निर्वासितांचे लोंढे १९५० च्या दंगलींनंतर दुणावले तेव्हा याचा प्रत्यय आला. जादवपूर-टॉलीगंजच्या बाजूला पडीक जमिनी रातोरात ताब्यात घेऊन, बांबूच्या झोपड्या उभारून, वर्गणी काढून स्वतःच शाळा चालविणाऱ्या या लोकांना छावण्यांतील शिधा नको होता. हक्काची जमीन हवी होती. सरकारने १९५१ साली अनधिकृत कब्जा हटविण्याचा कायदा आणला, आणि कडाक्याच्या विरोधानंतर त्यात संरक्षणाची तरतूद करणे त्याला भाग पडले. ज्यांना आपण केवळ आर्त समजत होतो ते आपल्या पुनर्वसनाचे कर्ते होऊ पाहत आहेत, हे ओळखण्यास सरकारला विलंब लागला. तो टाळता आला असता, असेच मी म्हणेन.

महाराष्ट्रीय वाचकाला १९५६ चे प्रकरण विशेष जवळून कळेल. त्या वर्षीच्या जानेवारीत मुंबई केंद्राच्या ताब्यात ठेवण्याची घोषणा झाली आणि मुंबईच्या रस्त्यांवर गोळीबारात माणसे पडली. त्याच महिन्यात, २३ तारखेला, डॉ. रॉय आणि बिहारचे मुख्यमंत्री श्रीकृष्ण सिंह यांनी बंगाल व बिहार यांचे एकच राज्य करण्याचा प्रस्ताव जाहीर केला. त्यामागची तर्कसंगती दुबळी नव्हती. कोळसा व खनिजे एकीकडे, बंदर दुसरीकडे, आणि निर्वासितांना जागा नाही, हे निदान बरोबरच होते. परंतु ज्यांची भाषा, ज्यांचे प्रांतजीवन या योजनेत गुंतलेले होते त्यांना आधी विचारावे, ही मसलत कोणास सुचली नाही. बंगालमध्ये विरोधाचा वणवा पेटला. मेघनाद साहांच्या निधनाने रिकाम्या झालेल्या कलकत्त्याच्या लोकसभा जागेची पोटनिवडणूक याच प्रश्नावर लढली गेली, काँग्रेसचे अशोक सेन हरले, आणि डॉ. रॉय यांनी प्रस्ताव मागे घेतला. या माघारीला पुष्कळांनी पराभव म्हटले. मला मात्र त्यांच्या कारकिर्दीतील हा अत्यंत सन्मान्य क्षण वाटतो, कारण आपले निदान शास्त्रशुद्ध आहे अशी खात्री असतानाही, लोकांनी औषध नाकारले एवढ्याच कारणास्तव ते मागे घेणे आगाखान राजवाड्यातील त्या वैद्यालाच शोभण्यासारखे होते. दिल्लीश्वरांनी मुंबईच्या बाबतीत हेच त्या वेळी केले असते तर महाराष्ट्राला चार वर्षे आणि शंभरावर प्राण खर्ची घालावे लागले नसते.

तीन वर्षांनी हा विवेक टिकला नाही. तांदळाचे भाव भडकले, गावोगाव उपासमारीच्या तक्रारी आल्या, आणि ३१ ऑगस्ट १९५९ रोजी खेड्यापाड्यांतून आलेली हजारो माणसे, त्यांत पुष्कळ स्त्रिया, अन्न मागण्यासाठी कलकत्त्यात जमली असता पोलिसांनी त्यांच्यावर बेसुमार लाठ्या चालविल्या. पुढील दिवसांत गोळीबारही झाला. चळवळीने मृतांचा आकडा ऐंशी सांगितला; सरकारचा हिशेब त्याहून पुष्कळ कमी होता. आकड्यांचा वाद बाजूस ठेवला तरी भूक लागली असे सांगण्यास आलेल्या रयतेवर, ज्याच्या दारी रोज सकाळी दुःखितांना मुक्तद्वार होते अशा माणसाच्या अमलात, काठी उचलली गेली, ही गोष्ट मनाला अतिशय लागते. शरण आलेल्याचे दुःख ज्यांना तत्क्षणी कळत होते त्यांना हक्काने मागणाऱ्याचे दुःख त्या दिवशी कळले नाही, आणि धान्याचा प्रश्न कायदा व सुव्यवस्थेच्या खात्यात जमा झाला.

१९६१ साली भारतरत्न हा किताब त्यांना मिळाला तो सर्वस्वी योग्यच होता, आणि त्यांनी उभारलेली नगरे आजही बंगालच्या उपयोगी पडत आहेत. परंतु एका माणसाच्या निर्णयशक्तीवर चाललेल्या राज्याला त्याच्यामागे ती शक्ती वारशाने मिळत नाही. अन्नखाते सांभाळणारे प्रफुल्लचंद्र सेन त्यांच्या जागी आले. १९६६ साली धान्यासाठी पुन्हा रस्ते पेटले, पुन्हा गोळीबार झाला. आणि १९६७ च्या निवडणुकीत बंगालमधील काँग्रेसची सत्ता गेली, खुद्द सेन आरामबागला अजय मुखर्जींकडून पराभूत झाले. १९५९ च्या ऑगस्टमध्ये जे मागणे ऐकून घेतले गेले नाही त्याचाच जबाब मतदारांनी त्या दिवशी मागितला.