ऐकून घेतल्यावाचून निकाल नाही

एखाद्या माणसाचा अपराध आपल्या मनात पुरता ठरून गेला असेल, तर त्याचे म्हणणे ऐकून घेण्याची गरजच काय? हा प्रश्न केवळ कोर्टकचेरीतला नाही. घरातील एखादी वस्तू दिसेनाशी झाली, की संशय कामवाल्या बाईवर जातो. संस्थेच्या हिशेबात फरक पडला, की खजिनदाराविषयी कुजबुज सुरू होते. निकाल आधी लागतो; चौकशी मागाहून होते, आणि पुष्कळदा होतच नाही. ‘त्याला काय विचारायचे, सारे ठाऊकच आहे’, एवढे म्हटले की आपले काम संपते.

उत्पत्तीच्या पुस्तकात मात्र वेगळेच घडते. आदामाने आज्ञा मोडली, तो झाडाआड दडला, आणि परमेश्वराने त्याला हाक मारून प्रश्न विचारला. सर्वज्ञ परमेश्वराला आदाम कोठे आहे आणि त्याने काय केले, हे ठाऊक नव्हते असे कोण म्हणेल? तरीही त्याने आधी विचारले, आदामाला बोलू दिले, आणि मगच शिक्षा सांगितली. मध्ययुगातील ख्रिस्तसभेच्या कायदेपंडितांनी या प्रसंगाचा फार बारकाईने विचार केला. ज्याला सारे ठाऊक आहे त्यानेही आरोपीला बोलावून घेतले, तर अल्पज्ञ माणसाला ही पायरी कशी टाळता येईल, असा त्यांचा युक्तिवाद होता. आरोपीचे म्हणणे ऐकणे ही न्यायाधीशाने केलेली मेहेरबानी नव्हे, ते त्याचे कर्तव्य आहे, हा विचार युरोपात रुजण्यास या पंडितांनी मोठा हातभार लावला.

त्याच काळातील एक दस्तऐवज जगभर प्रसिद्ध आहे. १५ जून १२१५ रोजी थेम्स नदीकाठच्या रनीमीड येथील कुरणात इंग्लंडचा राजा जॉन याने आपल्या बंडखोर सरदारांपुढे नमते घेऊन एका लॅटिन सनदेला आपली मुद्रा दिली. तीच ‘मॅग्ना कार्टा’, म्हणजे थोरली सनद. तिच्यातील बहुतेक कलमे कर, वारसा, नदीतील मासेमारीचे बांध अशा त्या काळच्या गाऱ्हाण्यांविषयी आहेत. दोन कलमे मात्र काळाला पुरून उरली. कोणाही स्वतंत्र माणसाला त्याच्या बरोबरीच्यांचा कायदेशीर निवाडा अथवा देशाचा कायदा यांवाचून धरता, कोंडता वा मालमत्तेवरून दूर करता येणार नाही, असे एक कलम सांगते. न्याय विकला जाणार नाही, नाकारला जाणार नाही आणि लांबवला जाणार नाही, असे दुसरे सांगते.

या सनदेच्या घडणीत कँटरबरीचे आर्चबिशप स्टीफन लँग्टन यांचा मोठा वाटा होता. पण इतिहास सरळ रेषेत चालत नाही. राजाकडून जबरीने लिहून घेतलेला करार म्हणून पोप तिसरे इनोसंट यांनी त्याच वर्षी २४ ऑगस्टला ती रद्द ठरवली, आणि लँग्टन यांना पदावरून निलंबित व्हावे लागले. पुढच्याच वर्षी जॉन मरण पावला. त्याच्या नऊ वर्षांच्या मुलाच्या नावाने सनद पुन्हा काढण्यात आली, तेव्हा तिच्यावर पोपांचे प्रतिनिधी कार्डिनल ग्वाला यांची मुद्रा होती. म्हणजे रोमने जी सनद बुडवली, तीच रोमच्या प्रतिनिधीने पुढच्या वर्षी तारली. लाज वाटावी वा गर्व करावा असे यात काही नाही. ज्याच्या हाती अधिकार आहे त्याला सनद अडचणीची वाटते आणि अधिकार डळमळू लागला की ती हवीशी वाटते, एवढेच यातून दिसते.

तिची दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. ती ‘स्वतंत्र माणसा’साठी होती. त्या काळच्या इंग्लंडात जमिनीला बांधलेल्या कुळांची संख्या फार मोठी होती, आणि सनदेतील संरक्षण त्यांच्या वाट्याला आले नाही. मग मूळ प्रश्न असा उभा राहतो, की ऐकून घेतले जाण्याचा हक्क ही काही लोकांनी पदरात पाडून घेतलेली सवलत आहे, की तो माणसाला माणूस म्हणूनच आहे? या प्रश्नाची कसोटी पाहण्यासाठी इंग्लंडपर्यंत जाण्याचे कारण नाही. ती आपल्या साताऱ्यातच लागली.

पेशवाई बुडाल्यावर ईस्ट इंडिया कंपनीने प्रतापसिंह महाराजांना साताऱ्याच्या गादीवर बसवले आणि २५ सप्टेंबर १८१९ रोजी त्यांच्याशी तह केला. महाराज दक्ष व विद्याप्रेमी होते. पुढे कंपनीच्या अधिकाऱ्यांशी त्यांचे बिनसले. त्यांनी कंपनीच्या शिपायांना फितवले, गोव्याच्या पोर्तुगीजांशी आणि नागपूरच्या पदच्युत राजाशी गुप्त मसलत केली, असे आरोप ठेवण्यात आले. १८३६ मध्ये एक गुप्त समिती बसली. महाराजांचे मागणे एकच होते : पुरावा माझ्यापुढे ठेवा आणि उघड, निःपक्षपाती चौकशी करा. ती कधीही झाली नाही.

ऑगस्ट १८३९ मध्ये मुंबईचे गव्हर्नर सर जेम्स कारनॅक स्वतः साताऱ्यास आले. तहाचा भंग आपल्याकडून झाला हे मान्य करून महाराजांनी सही करावी, म्हणजे गादी राहील, अशी अट त्यांनी घातली. एका सहीने राज्य वाचत होते. जो अपराध केला नाही तो केला असे लिहून देण्यास महाराजांनी नकार दिला. ५ सप्टेंबर १८३९ रोजी त्यांना पदच्युत करण्यात आले. पुढे त्यांना काशीस पाठवले गेले, आणि तेथेच १८४७ मध्ये त्यांचा अंत झाला.

त्यांचे वकील रंगो बापूजी गुप्ते यांनी सुमारे १४ वर्षे लंडनमध्ये ठाण मांडून ही दाद मागितली. ज्या देशाला आपल्या थोरल्या सनदेचा अभिमान होता, त्याच देशाच्या राजधानीत हा साताऱ्याचा मनुष्य पत्रके छापत होता, कंपनीच्या भागधारकांच्या सभेत आपले गाऱ्हाणे मांडत होता. जोसेफ ह्यूम, जॉर्ज टॉम्सन यांच्यासारखे काही इंग्रज त्यांच्या बाजूने उभेही राहिले. रंगो बापूजी राज्य परत द्या एवढेच म्हणत नव्हते. आधी ऐकून तर घ्या, असे त्यांचे म्हणणे होते. कंपनीने ऐकून घेतले नाही. १८४८ मध्ये महाराजांचे बंधू शहाजीराजे निवर्तले आणि डलहौसीने सातारचे राज्य खालसा केले. रंगो बापूजी हात हलवीत परतले. १८५७ च्या सप्टेंबरात साताऱ्याच्या गेंडा माळावर ज्या १७ जणांना देहान्त शिक्षा झाली, त्यांत त्यांचा मुलगा होता. ते स्वतः परागंदा झाले, ते कायमचेच.

कारनॅक साहेबांना थोरली सनद ठाऊक नव्हती असे म्हणता येणार नाही. पण ती आपल्या घरच्या माणसांसाठी आहे, साताऱ्याच्या राजासाठी नाही, असाच त्या साऱ्या वर्तनाचा अर्थ होतो. जो हक्क आपण फक्त आपल्यांना देतो, तो हक्क नसून सोयरिकीतली सवलत असते.

बरोबर शंभर वर्षांनी याच मुलखात एक निराळा प्रयोग झाला. औंध संस्थानचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १९३९ च्या जानेवारीत आपली सत्ता आपल्या हाताने प्रजेच्या स्वाधीन करणारी राज्यघटना जाहीर केली. त्यांचे बॅरिस्टर पुत्र अप्पासाहेब पंत आणि पोलंडहून आलेले अभियंते मॉरिस फ्रीडमन हे या कामात पुढे होते, आणि घटनेला महात्मा गांधींचे मार्गदर्शन लाभले होते. जॉनच्या गळ्याशी सरदारांच्या तलवारी होत्या. पंतप्रतिनिधींच्या गळ्याशी कोणाचीही नव्हती. औंध आज सातारा जिल्ह्यात आहे. त्याच संस्थानातील आटपाडी आणि कुंडल सांगली जिल्ह्यात आहेत.

आटपाडीजवळ त्याच वर्षी ‘स्वतंत्रपूर’ ही कैद्यांची मुक्त वसाहत उभी राहिली. तेथे भिंती नव्हत्या. कैदी शेती करीत आणि कुटुंबासह राहू शकत. व्ही. शांताराम यांच्या १९५७ मधील ‘दो आँखें बारह हाथ’ या चित्रपटामागची प्रेरणा हीच वसाहत होती, आणि त्याची कथा लिहिणारे ग. दि. माडगूळकर त्याच परिसरातले. स्वतंत्रपुराने थोरल्या सनदेच्याही पुढचे पाऊल टाकले. अपराध सिद्ध झाल्यावरही माणूस संपत नाही, त्याच्याशी बोलण्यासारखे काही उरलेले असते, असे ते सांगत होते.

याच पट्ट्यात १९४३ ते १९४६ या काळात क्रांतिसिंह नाना पाटील यांचे प्रतिसरकार चालले. त्याच्या न्यायदान मंडळांनी गावातले तंटे गावातच, खर्चावाचून आणि झटपट सोडवले. गरिबांना त्याचा आधार वाटला. पण खबऱ्या आणि गुंड ठरलेल्यांना मिळणाऱ्या पायांवरील फटक्यांमुळे लोक त्याला ‘पत्री सरकार’ही म्हणत. परकीय सत्तेशी लढताना असे कठोर व्हावे लागते, हे खरे मानले तरी एक प्रश्न उरतोच. ज्याला आपण खबऱ्या म्हणतो, तो खबऱ्याच आहे हे कोणी ठरवायचे, आणि त्याचे म्हणणे ऐकल्यावर की आधी? अन्याय करणारा परका असला म्हणजे हा प्रश्न विचारणे सोपे असते. आपलाच पक्ष न्यायासनावर बसतो तेव्हा तो विचारणे कठीण जाते, आणि त्याची खरी गरज तेव्हाच असते.

सातारच्या या कथेला आणखी एक धागा आहे. ज्या शाळेला आज प्रतापसिंह महाराजांचे नाव आहे, त्याच साताऱ्यातील शाळेत ७ नोव्हेंबर १९०० रोजी बाळ भीमरावाचे नाव दाखल झाले. पुढे तेच डॉ. बाबासाहेब आंबेडकर भारतीय राज्यघटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष झाले. कायद्याने प्रस्थापित केलेल्या कार्यपद्धतीवाचून कोणाचेही जीवित वा व्यक्तिस्वातंत्र्य हिरावले जाणार नाही, असे घटनेचे २१ वे कलम सांगते. त्यात ‘स्वतंत्र माणूस’ नाही. ‘कोणतीही व्यक्ती’ आहे. ७०० वर्षांपूर्वी जे कूळ सनदेबाहेर राहिले होते, ते येथे आत आले. एवढ्या संरक्षणाने भागणार नाही अशी टीका झाली, तेव्हा आंबेडकरांनी सप्टेंबर १९४९ मध्ये आणखी एक कलम मांडले, ते आजचे २२ वे. अटकेचे कारण सांगणे, वकिलाचा सल्ला घेऊ देणे आणि २४ तासांत दंडाधिकाऱ्यापुढे उभे करणे त्याने बंधनकारक केले. प्रतिबंधक स्थानबद्धतेला मात्र त्याच कलमात अपवाद ठेवण्यात आला, हेही विसरून चालणार नाही.

कागदावरची अक्षरे आपोआप माणसाचे रक्षण करीत नाहीत. आणीबाणीत, २८ एप्रिल १९७६ रोजी, स्थानबद्ध माणसाला न्यायालयाचे दार ठोठावता येणार नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या चार न्यायमूर्तींनी दिला. न्यायमूर्ती हंसराज खन्ना एकटे विरुद्ध मताचे राहिले. पुढे त्यांना डावलून त्यांच्याहून कनिष्ठ न्यायमूर्तींना सरन्यायाधीश करण्यात आले, आणि त्यांनी राजीनामा दिला. १९७८ मध्ये मेनका गांधी यांच्या पासपोर्टच्या प्रकरणात न्यायालयाने सांगितले, की नुसती कार्यपद्धती असून भागत नाही. ती न्याय्य आणि वाजवी हवी, आणि म्हणणे ऐकून घेणे हा तिचा भाग आहे. १९७६ चा निकाल चुकीचा होता हे त्याच न्यायालयाने २०१७ मध्ये स्पष्टपणे मान्य केले. म्हणजे एका माणसाच्या मताला ४१ वर्षे वाट पाहावी लागली.

यावर एक आक्षेप नेहमी येतो. ऐकून घेण्याच्या या सोपस्कारात लबाड सुटतात, ज्यांच्यावर अन्याय झाला ते ताटकळत राहतात. या आक्षेपात तथ्य आहे. म्हणून तर थोरल्या सनदेने न्याय लांबवण्यालाही न्याय नाकारण्याच्या पंक्तीत बसवले. पण विलंबावरचा उपाय लवकर ऐकणे हा आहे, न ऐकणे हा नव्हे. २०२२ अखेरच्या सरकारी आकडेवारीनुसार देशातील तुरुंगांत दर चार बंदिवानांपैकी सुमारे तीन कच्चे कैदी होते. त्यांच्या खटल्याचा निकाल लागायचा होता. येशूसंघीय फादर स्टॅन स्वामी हेही असेच एक कच्चे कैदी होते. ऑक्टोबर २०२० मध्ये त्यांना अटक झाली आणि ५ जुलै २०२१ रोजी, वयाच्या ८४ व्या वर्षी, बंदिवासातच मुंबईच्या रुग्णालयात त्यांचे निधन झाले. तोवर खटल्याची सुनावणी सुरूही झालेली नव्हती. त्यांच्यावरील आरोपांविषयी कोणाचे मत काहीही असो. ज्याचे म्हणणे ऐकण्यापूर्वीच ज्याचे आयुष्य संपते, त्याला न्याय मिळाला असे कोणत्याही बाजूला म्हणता येणार नाही. आणि फादर स्वामी आपले होते म्हणून आपल्याला हळहळ वाटत असेल, तर ज्यांची नावेही आपल्याला ठाऊक नाहीत अशा त्या बाकीच्या हजारोंसाठी ती वाटली पाहिजे. नाहीतर आपण कारनॅक साहेबांच्याच रांगेत जाऊन बसतो.

माणसाचे म्हणणे ऐकून घ्यायचे ते तो निर्दोष असेल म्हणून नव्हे. तो देवाच्या प्रतिमेत घडवलेला आहे, त्याला स्वतःचे असे काही सांगायचे आहे, आणि आपल्याला सारे ठाऊक नाही, म्हणून. थोरली सनद राजवाड्यापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचली. तिला अजून आपल्या घराच्या उंबऱ्यापर्यंत यायचे आहे. कामवाल्या बाईला घरी पाठवण्यापूर्वी, खजिनदाराचे नाव चारचौघांत घेण्यापूर्वी, शेजाऱ्याच्या मुलीविषयी ऐकलेली गोष्ट पुढे सांगण्यापूर्वी एक प्रश्न विचारायला राजमुद्रा लागत नाही. समोरच्याला बसायला सांगून, ‘तुझे काय म्हणणे आहे?’ एवढे विचारले तरी पुरे.